निळ्या चित्रावरची गाडी
हट्टा गावच्या माणसाला विमान धरायचं तर गोंदियाजवळचं बिरसी, नाहीतर नागपूर; आणि सोबत व्हीलचेअर असली की तिथवर गाडीच करावी लागते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४१ विमानतळाचं नाव घेऊन सोयीचं पार्किंग मागतं. राष्ट्रीय इमारत संहिता तर मापच देते: रुंदी किमान ३.६ मीटर, प्रवेशद्वारापासून ३० मीटरांच्या आत. एवढी ऐसपैस जागा कशाला, असं विचारणाऱ्यानं गाडीचं दार सताड उघडून, शेजारी खुर्ची लावून एखाद्या आजोबांना उतरवून पाहावं. जमिनीवर व्हीलचेअरचं निळं चित्र रंगवायला काय लागतं? त्यावर लावलेली ‘साहेबां’ची गाडी हलवा म्हणायला मात्र रखवालदाराची जीभ रेटत नाही. दंडाची पावती आधी तिथं फाडा.