दार उघडले, पण दिवा कोठे?

शाळेत प्रवेश मिळाला म्हणजे शिक्षण मिळाले, असा समज आपल्या समाजात रूढ आहे. आमच्या मते तो अपुरा आहे.

2009 चा शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास विनामूल्य शिक्षणाचा हक्क मिळाला. खासगी विनाअनुदानित शाळांच्या प्रवेशवर्गात शेकडा 25 जागा दुर्बल घटकांसाठी राखल्या गेल्या. ही गोष्ट लहान नव्हे. परंतु कायदा मुलास शाळेच्या दारापर्यंत आणतो. सायंकाळी त्याच्या घरात डोकावत नाही.

मुंबईच्या झोपडपट्टीतील दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोली वाचकांनी डोळ्यांपुढे आणावी. तीतच स्वयंपाक, तीतच आजारी आजी, तीतच धाकट्यांचे रडणे. आई चार घरची धुणीभांडी उरकून परतेपर्यंत थोरल्या मुलीने पाणी भरावयाचे व भावंडे सांभाळावयाची. पुस्तक उघडण्यास तिला ना जागा, ना वेळ. दुसऱ्या दिवशी गृहपाठ अपुरा राहतो, आणि आपण तिला आळशी म्हणून वर्गात उभे करतो! असा अपमान वर्षानुवर्षे साठला, की कायद्याची मुदत संपताच ती शाळा सोडते. यात नवल ते काय?

कोणी म्हणेल, हे काम सरकारचे आहे. परंतु अल्पसंख्याकांच्या शाळांस हा कायदा लागू नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली दिला. आमची शाळा त्यांपैकीच होय. जेथे सक्ती नाही, तेथे कर्तव्य अधिक, असे आम्ही मानतो.

आमची सूचना साधी आहे. शाळेच्या इमारतीस सायंकाळी पाच वाजता कुलूप लागते. त्यांतील दोन खोल्या सहा ते नऊ या वेळेत उघड्या ठेवाव्यात. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने धाकट्यांचा अभ्यास घ्यावा. विजेचा व चणेगुळाचा खर्च माजी विद्यार्थ्यांनी उचलावा. एखादी मुलगी भावंडास कडेवर घेऊन आली, तरी तिला परत पाठवू नये.

ही कल्पना नवी नव्हे. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले जोतीराव फुले यांनी 1855 साली श्रमकरी लोकांसाठी रात्रीची शाळा काढली होती. त्या काळी जे दोन माणसांस साधले, ते आज साऱ्या शाळेस साधू नये काय?