तीन देव, एक तसबीर

अक्कलकुव्याच्या बाजारातून आणलेली तसबीर भिंतीवर लावलीय. डावीकडून गणपती, उजवीकडून लक्ष्मी, समोरून सरस्वती! काचेआड उभ्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीच्या दोन अंगांना दोन चित्रांचे तुकडे, मागच्या कागदावर तिसरं.

'जत्रेतला माल' म्हणून काहीजण नाकं मुरडतात. मला नाही पटत. याकोव्ह आगामने १९५० च्या दशकात पॅरिसमध्ये असंच काहीसं केलं, कार्लोस क्रूझ-दिएझने १९५९ पासून 'फिझिक्रोमी' मालिकेत पट्ट्यांनीच रंग बदलवले. ते संग्रहालयात गेलं! त्यांच्याकडे देव नव्हते, नुसते रंग नि आकार. पण बघणाऱ्याला चालावं दोन्हीकडे लागतं.

असो. मामी, तुम्ही फोटो मागितला होतात. नाही पाठवत! फोटोत एकटी सरस्वतीच येते, बाकीची दोघं इथेच राहतात. तुम्हीच या.