मनोरा कोणासाठी?

पर्यटनविषयक शासकीय पुस्तिकांत अलीकडे तीन विशेषणे अटळ झाली आहेत : संतुलित, शाश्वत आणि सर्वसमावेशक. या शब्दांना कोणाचाच विरोध असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो त्यांच्या आडून कोणाचे हित साधले जाते, हा. बंगळुरूच्या कसोटीवर ही विशेषणे घासून पाहणे उद्बोधक ठरेल.

२०२४ च्या मार्च महिन्यात या शहरात पाण्याचे दुर्भिक्ष इतके तीव्र झाले की, पिण्याच्या पाण्याने मोटारी धुण्यास व बागा शिंपण्यास बंदी करून ५,००० रुपये दंड जाहीर करावा लागला. कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून उपसून आणणाऱ्या या शहरात श्रमिकांच्या वस्त्या टँकरची वाट पाहत होत्या. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने सुमारे २५० मीटर उंचीच्या निरीक्षण-मनोऱ्यास मंजुरी दिली. अंदाजित खर्च ५०० कोटी रुपये! याला शाश्वत म्हणायचे काय?

आता संतुलनाचे पाहू. हैदर अलीने १७६० मध्ये आरंभिलेली लालबाग आणि १८७० मधील कब्बन उद्यान ही या शहराची खरी दौलत. कामगार कुटुंबाला सुट्टीच्या दिवशी दुसरीकडे कोठे जाणे परवडणार? परंतु २०२५ मध्ये हेब्बाळ ते सिल्क बोर्ड या बोगदा-रस्त्याच्या आराखड्यात लालबागेचीही जमीन धरण्यात आली आणि ती वाचविण्यासाठी नागरिकांनाच निषेधास उभे राहावे लागले.

सर्वसमावेशकतेची कथा याहून निराळी नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत मेट्रोचे कमाल भाडे ६० रुपयांवरून ९० रुपयांवर नेण्यात आले. अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. तरीही सुगम्यतेचे नियम ऐच्छिक नसून बंधनकारक असले पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाला ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बजावून सांगावे लागले. उखडलेल्या पदपथावर चाकाची खुर्ची अडते, तेथे मनोऱ्यावरील उद्वाहन काय कामाचे?

मोठ्या प्रकल्पांनी रोजगार वाढतो, असा युक्तिवाद केला जाईल. त्याला उत्तर याच राज्याने दिले आहे. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातील स्त्रियांना सरकारी साध्या बसमधून विनामूल्य प्रवास मिळू लागला आणि देवस्थानांच्या गावी बायाबापड्यांची रीघ लागली. सुखवस्तूंनी त्यांची 'फुकट्या' म्हणून हेटाळणी केली. वस्तुतः घराबाहेरचा मुलूख आजवर न पाहिलेल्या कितीतरी स्त्रिया त्या दिवसांत प्रथमच प्रवासी झाल्या. तिकिटाची भिंत काढताच पर्यटन वाढले. त्यासाठी मनोरा उभारावा लागला नाही. प्रवासी रस्त्यावर आला की त्याचा पैसा खानावळवाल्यापर्यंत व फुलवालीपर्यंत पोहोचतो. मनोऱ्याचे तिकीट मात्र ठेकेदाराच्या गल्ल्यात जाते.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत : स्वस्त बस व मेट्रो, अखंड पदपथ, स्वच्छ सार्वजनिक शौचालये, तलावांचे व उद्यानांचे रक्षण आणि २०१४ च्या कायद्याप्रमाणे फेरीवाल्यांना हक्काची जागा. मुंबई, पुणे, नागपूर, बेळगाव, जेथे जेथे आपले सभासद आहेत, तेथे त्यांनी आपल्या शहराचा पर्यटन-आराखडा मागवून वाचावा आणि त्यातील प्रत्येक रुपया कोणासाठी खर्च होणार, हे जाहीर सभेत विचारावे.