‘सवय आहे मला!’ ही सवय नाही

‘सकाळी घरून निघाले की संध्याकाळी घरी येऊनच लघवीला जाते. सवय आहे मला!’ सोलापुरात भाजी विकणाऱ्या, दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायका हे अभिमानाने सांगतात तेव्हा मला राग येतो. त्यांचा नाही.

प्रौढ स्त्रीच्या मूत्राशयात साधारण 400 ते 500 मिली लघवी मावते. 150-200 मिली साठली की पहिली जाणीव होते. मूत्रपिंडे तासाला 50-60 मिली लघवी तयार करतात, म्हणजे तीन-चार तासांनी जावेसे वाटणारच. मग दहा तास कशा थांबतात? पाणीच पीत नाहीत! मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना. लघवी गडद होते, जळजळते, जंतू धुऊन निघत नाहीत. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंमी लांब, त्यामुळे जंतू मूत्राशयात चटकन पोहोचतात. मुतखड्याचा धोका वेगळाच. आणि आम्ही डॉक्टर चिठ्ठीवर लिहितो, ‘भरपूर पाणी प्या’. पिऊन जायचे कुठे?

पुरुषांना मुतारी फुकट, बाईकडून मात्र पैसे, याविरुद्ध मुंबईत 2011 मध्ये ‘राइट टू पी’ चळवळ उभी राहिली. ‘मिळून साऱ्याजणी’च्या याचिकेवर डिसेंबर 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहे द्यायला सांगितले. आदेश आहे, तर मोजणीही नीट करा. कुलूप लावलेले स्वच्छतागृह यादीत धरू नका. उघडे असेल तिथे आत पाणी, दिवा आणि दाराला कडी आहे का, हे तपासायला एखाद्या भाजीवालीलाच पाठवा.