संशोधन मोबाइलवर आलं, पण शाळेच्या वर्गात कधी पोहोचणार?

१ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० मोठे प्रकाशक आणि सुमारे १३,००० जर्नल्स. सरकारी विद्यापीठं, कॉलेजं आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांना हे सगळं आता वाचता येतं. तुम्ही सरकारी कॉलेजात असाल तर लायब्ररीत चौकशी करा, तुमचंही लॉगिन असू शकतं.

निर्णय चांगलाच आहे. पण योजना उच्च शिक्षणासाठी आहे, त्यामुळे शाळा त्यात येत नाहीत. काही संशोधन असं असतं की ज्याची खरी गरज शाळेतल्या शिक्षकांनाच असते. एज्युकेशनल ऑडिओलॉजी हा तसाच विषय. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला वर्गात नीट ऐकू यावं यासाठी काय करायचं, याचा हा अभ्यास.

मशीन आहे, तरी ऐकू का येत नाही?

माझी मावशी झेडपीच्या शाळेत शिकवते. तिसरीतल्या एका मुलीच्या दोन्ही कानांना श्रवणयंत्र आहे. पहिल्या बाकावर बसूनही ती सारखी 'काय बाई?' विचारते. मावशीचा मला प्रश्न होता, 'मशीन बिघडलंय का?'

मशीन तपासून घ्यायलाच हवं. पण ते व्यवस्थित चालू असलं तरी असं होऊ शकतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने कमी होतो. एक मीटरवर ६५ डेसिबल असलेलं बोलणं चार मीटरवर ५३ च्या आसपास येतं. खोलीत भिंतींवरून येणारा प्रतिध्वनी थोडा आवाज वाढवतो, पण शब्द एकमेकांत मिसळून टाकतो. त्यात पंखा, शेजारच्या वर्गातले पाढे, बाहेरचा ट्रॅक्टर. श्रवणयंत्र बाईंच्या आवाजासोबत हा गोंगाटही मोठा करतं.

म्हणून संशोधक नुसता आवाज किती मोठा हे बघत नाहीत. बोलणं गोंगाटाच्या किती वर आहे, ते बघतात. कमी ऐकू येणाऱ्या मुलांसाठी हा फरक साधारण १५ डेसिबल असावा, अशी शिफारस केली जाते. अमेरिकेतल्या मानकानुसार नेहमीच्या आकाराचा वर्ग रिकामा असताना त्यातला गोंगाट ३५ डेसिबलच्या वर जाऊ नये.

उपाय काय?

सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो रिमोट मायक्रोफोनचा. शिक्षकाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर माइक लावायचा आणि आवाज वायरलेसने थेट श्रवणयंत्रात पाठवायचा. अंतराचा प्रश्न जवळजवळ संपतो. दुसरा मुद्दा वापराचा. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की जी मुलं दिवसभर नियमित श्रवणयंत्र लावतात, त्यांची भाषा जास्त चांगली वाढते. म्हणजे 'फक्त शाळेत लाव' हा सल्ला चुकीचा.

मग इअरबड्स चालतील का?

एअरपॉड्स प्रो २ च्या हिअरिंग एड फीचरला अमेरिकेच्या एफडीएने सप्टेंबर २०२४ मध्ये परवानगी दिली. त्यानंतर 'आता मशीनची गरजच नाही' छापाचे दावे फिरू लागले. पण ही परवानगी १८ वर्षांवरच्यांसाठी आहे, तीही सौम्य ते मध्यम श्रवणदोषासाठी. लहान मुलाचं मशीन ऑडिओलॉजिस्टच तपासणी करून सेट करतो. त्या जागी इअरबड्स घालू नका.

पुरावा शेअर करायचा कसा?

मावशीला मी पेपरची पीडीएफ पाठवली असती तर ती उघडलीही गेली नसती. माझ्या मते एक पान मराठीत पुरे, पण त्यात चार गोष्टी हव्यात:

- अभ्यास कोणत्या वयाच्या आणि किती मुलांवर झाला?
- वर्ग कसा होता? बरेचसे अभ्यास आपल्यापेक्षा लहान, शांत वर्गांतले आहेत. अंतराचं तत्त्व आपल्याकडेही लागू होतं, पण त्यांचे आकडे जसेच्या तसे धरू नका.
- उद्या सकाळी काय करता येईल? मुलीकडे तोंड करून बोलणं, खिडकीपासून लांबची जागा देणं, दारं लावणं. याला पैसे लागत नाहीत.
- कोणाला विचारायचं? मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. केंद्राच्या एडिप योजनेतून पात्र मुलांना श्रवणयंत्रं मिळतात.

लॉगिन नसेल तर पबमेड सेंट्रलवर लाखो पेपर्स पूर्ण आणि फुकट आहेत. गूगल स्कॉलरमध्ये उजवीकडे पीडीएफची लिंक दिसते का बघा. एआयकडून मराठी सारांश करून घेतलात तर त्यातला प्रत्येक आकडा मूळ पेपरशी जुळवूनच पुढे पाठवा, कारण त्यावरून एखाद्या मुलाबद्दल निर्णय होणार असतो.

सरकारने जर्नल्सचे पैसे भरले आहेत. पुढचा टप्पा म्हणून त्यातलं शाळेच्या कामाचं मराठीत, शिक्षकांच्या प्रशिक्षणात आलं पाहिजे. तोपर्यंत हे काम लॉगिन असलेल्या आपल्यासारख्यांनी करायला हरकत नाही. तुमच्या ओळखीत कोणी शिक्षक असेल, तर वरच्या यादीतला तिसरा मुद्दा आजच त्यांना पाठवा.