ताल मोजायला शिका

आपल्या वस्तीत ढोलकीवर हात बसलेला एखादा तरी मुलगा असतोच. त्याला कुणी शिकवलेले नसते. गायन पार्टीच्या मागे बसून त्याने ऐकले आणि उचलले. पण "कोणता ताल वाजवलास? मात्रा किती?" असे विचारले की तो गप्प होतो. संगीताच्या परीक्षेत ठेका नुसता वाजवून भागत नाही, हातावर टाळी देत तोंडाने म्हणून दाखवावा लागतो. हात तयार असूनही आपली मुले तिथे मागे राहतात. ही मोजणी घरच्या घरी शिकता येते. त्यासाठी वाद्यही लागत नाही.

एक मोजणी म्हणजे एक मात्रा. ठरलेल्या मात्रा संपल्या की पुन्हा पहिलीवर यायचे. या एका फेरीला आवर्तन म्हणतात आणि पहिल्या मात्रेला सम.

केरव्याच्या मात्रा ८. त्यांचे ४-४ चे दोन भाग : धा गे न ति । न क धि न. पहिल्या मात्रेवर टाळी द्या. पाचवीवर टाळी न देता हात बाजूला न्या, ही 'खाली'. आपली कितीतरी गाणी केरव्यातच आहेत.

दादऱ्याच्या मात्रा ६, भाग ३-३ चे : धा धि ना । धा ति ना. टाळी पहिलीवर, खाली चौथीवर. याची चाल झोका घेतल्यासारखी लागते.

रूपकच्या मात्रा ७, भाग ३-२-२ : ती ती ना । धी ना । धी ना. इथे समेवरच खाली येते. टाळ्या चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर.

कीबोर्डवर ४/४, ३/४, ६/८ असे आकडे दिसतात. वरचा आकडा एका भागात किती ठोके ते सांगतो. खालचा आकडा ठोक्यासाठी कोणत्या लांबीचा स्वर धरला ते सांगतो. केरवा साधारणपणे ४/४ वर बसतो, दादरा ६/८ वर.

लय आणि ताल यांत मात्र गल्लत करू नये. गाणे रंगले की वेग वाढतो, म्हणजे लय वाढते. पण केरव्याच्या मात्रा आठच राहतात. वेग आपोआप पळू लागला तर गाणाऱ्याची दमछाक होते आणि कोरस मागे पडतो. त्याला आवर घालणे हे ढोलकीवाल्याचे काम.

भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंद काटा मिनिटाला ६० वेळा टिकटिकतो. रोज रात्री जेवणानंतर त्याच्यासमोर मुलांना घेऊन बसा. एका टिकटिकीला एक मात्रा धरली तर केरव्याचे आवर्तन ८ सेकंदांत पूर्ण होते. पाच मिनिटे न चुकता जमले की दादरा घ्या. मुलींनाही बरोबर बसवा. ढोलकी काही फक्त मुलांसाठी नाही.