डोंगराचीही लक्षणे असतात

दरड कोसळली की ‘डोंगर अचानक खाली आला’ असे म्हटले जाते. खरे तर तो सतत खाली ओढला जातच असतो. ३० अंशांच्या उतारावरच्या मातीच्या वजनाचा निम्मा जोर कायम उताराच्या दिशेने असतो. तिला धरून ठेवतात ते कणांमधले घर्षण, मातीचा चिकटपणा आणि झाडांची मुळे. ही पकड सैल झाली की गुरुत्वाकर्षण आपले काम पुरे करते.

हिमालयात या कामी त्याला बर्फाची साथ मिळते, वाळवंटात वारा वाळूच्या टेकड्या हलवतो. कोकणात वाऱ्याचा जोर चालतो तो किनाऱ्यावरच्या पुळणीवर. डोंगरउतार बदलते ते पाणी. रत्नागिरीच्या सड्यांवरचा जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यातून झिरपते आणि खालच्या चिकणमातीवर अडते. साचलेल्या पाण्याचा दाब वाढला की घर्षण घटते आणि वरचा थर सुटतो. सह्याद्रीच्या उतारांवर कातळावरची झिजलेली माती अशीच घसरते. त्यात घरासाठी किंवा रस्त्यासाठी डोंगराचा पायथा उभा कापला, तर वरच्या मातीचा आधारच जातो. झाडे तोडल्यावर मुळे लगेच कुजत नाहीत. म्हणून तोडीचा परिणाम काही वर्षांनी दिसतो आणि तोवर तोड विसरलेली असते.

२०१४ मध्ये माळीणमध्ये १५१ माणसे गेली. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पुरात असताना खेड तालुक्यातल्या पोसरे येथे १७ आणि महाड तालुक्यातल्या तळिये येथे ऐंशीहून अधिक जणांचा बळी गेला.

अशा वेळी वैद्यकशास्त्राच्या हाती फार थोडे उरते. मातीखाली श्वास कोंडून काही मिनिटांत मृत्यू येतो. तासन्‌तास दबून राहिलेला माणूस जिवंत सापडला तरी धोका टळत नाही. चिरडलेल्या स्नायूंतले पोटॅशियम आणि इतर द्रव्ये, वजन हटताच रक्तात पसरतात. हृदय बंद पडू शकते, मूत्रपिंडे निकामी होतात. म्हणून शक्य असेल तिथे वजन हटवण्याआधीच सलाईन सुरू करावे लागते. वाट बंद, वीज गेलेली, अशा वाडीवर हे किती वेळा जमणार?

म्हणून खरा उपचार आधीचाच. जमिनीला किंवा भिंतीला नवी भेग, दार-खिडकी अचानक घट्ट बसणे, कलू लागलेला विजेचा खांब किंवा झाड, नव्या जागी फुटलेला झरा, पऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा आटणे, वरून दगड घरंगळणे ही डोंगराची लक्षणे आहेत. मुसळधार पावसात यांपैकी एक दिसले तरी उजाडण्याची वाट न पाहता घर सोडावे आणि तलाठ्याला कळवावे.

लोक घर सोडत नाहीत, कारण गोठ्यात गुरे असतात, घरात अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस असते आणि जायचे कुठे हे ठरलेले नसते. हे प्रश्न भर पावसात सुटत नाहीत. निवाऱ्याची शाळा, गुरांची जागा, आजाऱ्यांना कोण उचलून नेणार, त्यांची औषधे कुठे मिळणार, हे ग्रामपंचायतीने आणि प्रशासनाने मे महिन्यातच ठरवायला हवे. दहादा घर सोडून दहादा काही झाले नाही, तरी तो त्रास फुकट गेला असे समजू नये. लस घेतलेल्याला रोग झाला नाही, म्हणून लस वाया गेली असे कोणी म्हणत नाही.